इंजिन किती सीसीचं घालू? उभ्याने चालवायच्या जेट स्कीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात उभ्याने चालवायच्या रेसिंग जेट स्कीवर छोटी नोंद आली होती, त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, इंजिन कुठलं घालू. मी शारजाच्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं याच स्कींच्या बॉड्या ओतल्या आणि पंप खोलले, आता रत्नागिरीला परत आलोय, आणि माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे की इंजिनाचा विचार शेवटी करा. आधी वजन बघा, मग पंप बघा, म्हणजे पाणी मागे फेकून स्कीला पुढे ढकलतो तो भाग. असं का म्हणतो ते खाली येईलच.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपला प्रोजेक्ट म्हणून हलकी उभी जेट स्की बनवायची आहे. अपघातात गेलेल्या १००० सीसी सुपरबाइकचं इंजिन स्वस्तात मिळतंय. १८० हॉर्सपॉवर आणि हलकी बॉडी, मग कंपनीच्या स्कीला सहज मागे टाकेल ना? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

मित्रा, तुझा उत्साह मला कळतो, उद्यमनगरच्या गल्ल्यांत जो वाढला त्याला इंजिन दिसलं की हात शिवशिवणारच. पण आधी हिशोब करू.

कंपनीच्या मशीनपासून सुरुवात कर. यामाहाची जुनी टू-स्ट्रोक सुपरजेट, ७०१ सीसी, साधारण ७३ हॉर्सपॉवर, वजन १३९ किलोच्या आसपास. २०२१ ला आलेली फोर-स्ट्रोक सुपरजेट १०४९ सीसी, तीन सिलिंडर, साधारण १०० हॉर्सपॉवर, वजन १७० किलो. कावासाकीची एसएक्स-आर २०१७ पासून १४९८ सीसी चार सिलिंडरची झाली, ताकद दीडशेच्या वर पण वजन जवळजवळ २५० किलो. आता प्रत्येकात ७५ किलोचा रायडर धर, कारण स्की एकटी पळत नाही, आणि भागाकार कर. किलोमागे जुन्या सुपरजेटला ०.३४ हॉर्सपॉवर येते, नव्या सुपरजेटला ०.४१ आणि कावासाकीला साधारण ०.४८. म्हणजे सरळ रेषेत कावासाकी पुढे जाणारच, आणि जातेच. आता समज तू कार्बन फायबरची बॉडी ओतून पूर्ण स्की १२० किलोत बसवलीस आणि इंजिन फक्त १०० हॉर्सपॉवरचं घातलंस, तर ०.५१ झाले. कावासाकीपेक्षा पन्नासहून जास्त हॉर्सपॉवर कमी असूनही तू पुढे, आणि बोयला, म्हणजे रेसच्या मार्गावरच्या तरंगत्या खुणेला, वळताना तुझ्या गुडघ्यांना १३० किलो कमी ओढायचेत ते वेगळंच. रेस वळणावर जिंकतात, हे मी शारजात खालिद लगूनच्या काठावर डिसेंबरच्या थंडीत उभं राहून किती वेळा बघितलंय.

आता सुपरबाइकचं इंजिन. ते पूर्ण ताकद देतं १३,००० आरपीएमच्या आसपास. स्कीत क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, सरळ शाफ्टला आणि शाफ्ट सरळ इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पंख्याला, जोडलेला असतो, मधे गिअर नसतो, आणि आपल्या मापाचा इम्पेलर सात-आठ हजारांच्या पुढे पाणी ढकलायचं सोडून पाणी उकळायला लागतो, खरंच उकळतो, पुढे दुबईच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात सांगतो. म्हणजे तुला रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करणारे गिअर, घालावं लागणार, किंवा इंजिनाचाच गिअरबॉक्स एका गिअरवर अडकवून वापरावा लागणार, तो गिअरबॉक्स केसिंगमध्ये एकत्र ओतलेला म्हणून त्याचं वजन काढताही येत नाही. शिवाय बाइकमध्ये क्रँक आडवा असतो आणि स्कीत तो उभा, लांबीच्या दिशेने हवा, म्हणजे इंजिन काटकोनात फिरवायचं, आणि फिरवल्यावर आउटपुट शाफ्ट मधोमध येत नाही. त्यात उभी स्की उलटते, रोज उलटते, मग खालच्या ऑइल पॅनमधलं तेल कुठे जाणार? बाइकला रेडिएटरवर वारा येतो, इथे बंद डब्यात इंजिन. या सगळ्यावर उत्तरं आहेत, पण प्रत्येक उत्तर पाच-सात किलोचं आहे आणि मग हलकी बॉडी कशाला केली असं होतं.

प्रोजेक्टच करायचाय तर पाण्यासाठीच बनलेलं इंजिन जुन्या बसून चालवायच्या स्कीतून काढा, आणि कॉलेजची सगळी अक्कल बॉडीत घाला. बॅटरीपासून सुरू करा, शिशाची काढून लिथियम आयर्न फॉस्फेट लावली की एका दुपारात चार-पाच किलो जातात.

प्रश्न : आमचा मासेमारीच्या फायबर होड्यांचा धंदा आहे, वडिलांपासून. मॅट आणि रेझिनचं काम हातचं आहे. जेट स्कीची बॉडी आम्ही करू शकतो का आणि कार्बनने खरंच किती फरक पडतो? (एक वाचक, रत्नागिरी तालुका)

दादा, तुमचंच पत्र वाचून मला सगळ्यात आनंद झाला. करू शकता, शंभर टक्के करू शकता, फक्त होडी करताना लागलेली एक सवय सोडावी लागेल. होडीत रेझिन, म्हणजे तंतू चिकटवणारा द्रव, जास्त झालं तर आपण म्हणतो बरंय, मजबूत झालं. स्कीत तेच रेझिन शत्रू.

उभ्या स्कीची हल (खालचा भाग) आणि डेक (वरचा भाग) मिळून पृष्ठभाग समजा ५ चौरस मीटर धरला. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटचे तीन थर हाताने ब्रशने लावले तर मॅट तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त रेझिन पिते, म्हणजे एका थराचे चौरस मीटरला जवळजवळ दीड किलो, तीन थरांचे साडेचार, आणि अख्ख्या बॉडीचे २२ किलो. आता २०० ग्रॅमच्या कार्बन कापडाचे तीन थर, मधे ५ मिलीमीटरचा पीव्हीसी फोम, आणि रेझिन व्हॅक्युमने ओढलेलं, तर चौरस मीटरला दोन किलोच्या आतच बसतं, बॉडी ९-१० किलोत. आणि कडकपणा जास्त, कारण फोममुळे जाडी वाढली. पण लक्षात घ्या, यातला बराचसा फायदा कार्बनचा नाही, व्हॅक्युमचा आणि फोमचा आहे. तेच तंत्र काचेच्या विणलेल्या कापडावर वापरलंत तरी निम्म्याहून जास्त फायदा हाती येतो आणि खर्च तुमच्या आवाक्यात राहतो. मी तर म्हणेन पहिल्या दोन बॉड्या काचेच्याच करा.

इन्फ्युजन, म्हणजे व्हॅक्युमने रेझिन ओढायचं हे तंत्र, शिकताना कान वापरा. मोल्डवर सगळं कोरडं मांडायचं, वर पिशवी, कडेने चिकट टेप, पंप चालू करून गेज पूर्ण खाली गेला की पंप बंद करायचा आणि वर्कशॉपमधले पंखे, रेडिओ सगळं बंद करून पिशवीच्या कडेने कान नेत फिरायचं. गळती असेल तर शीळ ऐकू येते, अगदी बारीक, डासासारखी. ती सापडेपर्यंत रेझिनच्या बादलीला हात लावायचा नाही. आमच्याकडे एकदा ती शीळ सोडून दिली होती, रेझिन अर्ध्या हलपर्यंत छान गेलं, काळं कापड ओलं होत होत पुढे सरकताना बघायला फार सुंदर दिसतं, आणि मग पुढे सगळीकडे पांढरे बुडबुडे. आठवड्याचं काम आणि सगळं कार्बन कचऱ्यात.

आता दोन गोष्टी ज्या होडीत येत नाहीत. पहिली, कार्बन वीज वाहून नेतो. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट सरळ कार्बनवर बोल्ट केला आणि वर खारं पाणी आलं की ती एक बॅटरीच झाली आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हँडल पोलचा ब्रॅकेट मी स्वतः चार महिन्यांनी काढून बघितलाय, खाली पांढरी भुकटी होती, नखाने खरवडली तर धातू निघत होता. म्हणून जिथे धातू बसणार तिथे सगळ्यात वरचा थर काचेचा ठेवायचा आणि बोल्टला सीलंट लावायचं. दुसरी गोष्ट उष्णता. साधं इपॉक्सी नुसतं सावलीत सुकवलं तर साठ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि काळी कार्बनची बॉडी मे महिन्यात किनाऱ्यावर उन्हात ठेवली की तेवढी सहज तापते. इंजिन बेड एक मिलीमीटर जरी बसला तरी इंजिन आणि पंपाच्या शाफ्टची सरळ रेष बिघडते, दोघांना जोडणारा कपलर झिजतो, बेअरिंग जाते. त्यामुळे मोल्डमध्येच असताना बॉडीला हळूहळू तापवून पोस्ट-क्युअर करायचं, रेझिनवाल्याने दिलेल्या तक्त्याप्रमाणे. त्यासाठी थर्मोकोलच्या पत्र्यांची खोली आणि दोन हीटर पुरतात.

आणि आतला तरंगण्याचा फोम वजन कमी करायचं म्हणून काढू नका. काढणारे आहेत, मी बघितलेत. पाणी भरलं की त्यांची स्की खाली जाते आणि तिच्याबरोबर सगळं जातं.

प्रश्न : जेट स्की हे कंपनीचं नाव आहे का? आणि उभी स्की मधे गायबच का झाली होती? (एक वाचक, पुणे)

हो, जेट स्की हा कावासाकीचा ट्रेडमार्क आहे, आपण सगळ्यांना जेट स्की म्हणतो ते झेरॉक्ससारखंच. मूळ कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाची, तो मोटोक्रॉस चालवायचा, आणि साठच्या दशकात पाण्यावरची मोटरसायकल करायचं त्याने मनावर घेतलं. पहिला नमुना ॲल्युमिनियमचा, उघडा प्रोपेलर नको म्हणून आत जेट पंप. कावासाकीने १९७३ ला उभी स्की बाजारात आणली. यामाहाची सुपरजेट १९९० ची.

गायब होण्याचं कारण थोडक्यात प्रदूषण. हलकी टू-स्ट्रोक इंजिनं न जळलेलं पेट्रोल आणि तेल पाण्यात सोडायची, अमेरिकेत नियम कडक होत गेले, बसून चालवायच्या स्की फोर-स्ट्रोक झाल्या कारण त्यांच्यात जागा होती. उभीत जागाच नाही. कावासाकीने ८०० ची एसएक्स-आर २०११ नंतर थांबवली, सुपरजेट तिकडे फक्त स्पर्धेचं वाहन म्हणून विकली जात होती आणि टू-स्ट्रोक २०२० पर्यंत टिकली. याच काळात छोट्या छोट्या वर्कशॉपनी स्वतःच्या हलक्या बॉड्या ओतायला सुरुवात केली, म्हणजे कंपन्यांनी सोडलेली जागा कारागिरांनी भरली, आणि मला या खेळाबद्दल जे प्रेम आहे ते मुख्यतः याच गोष्टीमुळे आहे.

प्रश्न : माझ्याकडे ७०१ ची सुपरजेट आहे. जास्त कॉम्प्रेशनचं हेड, रेसचा एक्झॉस्ट पाइप, दोन मोठे कार्बोरेटर, सगळं लावलं. टॅकोमीटर आता ७३०० दाखवतो, आधी ६३०० दाखवायचा. पण जीपीएसवर वेग जवळजवळ तोच! पैसे वाया गेले का? (एक वाचक, दुबई)

वाया गेले नाहीत, अडकलेत. पंपात अडकलेत.

इम्पेलर पाणी मागे ढकलतो म्हणजे त्याच्या पुढच्या बाजूला दाब कमी होतो. फार जोरात फिरला तर तो दाब इतका खाली जातो की पाणी थंड असूनही तिथेच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाबात जाऊन फुटतात. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. पत्तीला वाफ मिळाली की धरायला काही उरत नाही, आरपीएम वर जातो आणि स्की तिथेच. पंप खोला, पत्तीच्या पुढच्या कडेजवळ बोट फिरवा, पॉलिश पेपर फिरवल्यासारखं खडबडीत लागलं, बारीक खड्डे दिसले की तो याचाच पुरावा.

दुसरी शक्यता, आणि आपल्याकडे ती जास्त सापडते, वाफ नाही तर हवा. पंप जिथे हलला बसतो तिथलं सीलंट फाटलेलं असतं, आणि तिथून हवा ओढली जाते. सपाट पाण्यावर कमी, लाटांवर आणि वळताना जास्त, इंजिन एकदम ओरडतं. सगळं खरवडून नव्याने सील करायला एक संध्याकाळ लागते, आणि इंजिनावर लाखभर खर्च करणाऱ्याने ती संध्याकाळ काढलेली नसते असं मी खूप वेळा बघितलंय. तिसरं म्हणजे वेअर रिंग, इम्पेलरभोवतीची कडी. इम्पेलरच्या टोकाशी फीलर गेज घाला, ०.६ मिलीमीटरच्या वर फट असेल तर रिंग बदला, वाळूत चालवलेल्या स्कीची रिंग फार लवकर जाते.

हे सगळं ठीक असेल तर मग इम्पेलरचा पिच, म्हणजे पत्तीचा तिरपेपणा. तुमचं इंजिन आता जास्त ताकद देतंय पण पत्ती जुन्याच कोनाची आहे, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये हायवेवर चालवल्यासारखं चाललंय. जास्त पिचचा इम्पेलर लावला की आरपीएम खाली येईल, तो तुमच्या पाइपची जी ताकदीची पट्टी आहे तिथे आणून थांबवायचा. मग मागचा नॉझल. तोंड लहान केलं तर टॉप स्पीड वाढतो पण स्टार्टला मार खातो, आणि रेसमध्ये स्टार्टला पहिला बोय पहिला गाठणं म्हणजे अर्धी रेस, बाकीचे तुमच्या फवाऱ्यात आंधळे. म्हणून घाई करू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. ७०१ चा मूळ पंप १४४ मिलीमीटरचा, रेसवाले १४८ चा बसवतात, ऐकायला चार मिलीमीटर पण क्षेत्रफळ साडेपाच टक्क्यांनी वाढतं, तेवढं जास्त पाणी तेवढ्याच वेगाने ढकलता येतं. माझा सल्ला, आधी सील, मग रिंग, मग पिच, आणि मोठा पंप त्यानंतर.

पाइपबद्दल एक सांगायचं राहिलं. टू-स्ट्रोकचा पाइप आवाजाच्या लाटेवर चालतो, लाट मागे परतून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते, आणि लाटेचा वेग गॅसच्या तापमानावर ठरतो. पाइपमध्ये थोडं पाणी सोडलं की गॅस थंड होतो, लाट हळू होते, इंजिनाला वाटतं पाइप लांब झाला, त्यामुळे खालच्या आरपीएमला जोर येतो. वरच्या आरपीएमला पाणी कमी करायचं. तुमच्या पाइपवर पाण्याचे स्क्रू असतील, ते अंदाजाने फिरवलेले असतील तर आधी तेही नीट लावून घ्या.

प्रश्न : इथे आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या टू-स्ट्रोक स्कीत चालेल का? (एक वाचक, अलिबाग)

चालेल, पण जसंच्या तसं नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला साधारण सात टक्के जास्त इंधन लागतं. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने देत राहतो, मिश्रण कोरडं पडतं आणि टू-स्ट्रोकमध्ये कोरडं मिश्रण म्हणजे पिस्टन तापणार. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं इंधनाचं भोक, मोठा करा, फुल थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लगचा रंग बघा. जुने रबरी पाइप, कार्बोरेटरचे डायफ्रॅम बदला, ते फुगतात. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, समुद्रावर तर जास्तच, म्हणून तेल मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नका, त्या दिवशीचं त्या दिवशी मिसळा.

याहून मोठी चूक ऑक्टेनची, म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला किती विरोध करतं त्या आकड्याची होते, आणि ती मी केलीय. परत आल्यावर मी माझ्या स्कीला नवीन हेड लावलं, कॉम्प्रेशन १८० पीएसआय. अमेरिकन तक्त्यात लिहिलं होतं ९१ ऑक्टेनवर एवढं चालतं, आपल्या पंपावरही तेव्हा ९१ लिहिलेलं, शारजात तर मी ९८ वापरायचो पण म्हटलं तक्ता सांगतोय तर ठीक. खाडीत सरळ पट्ट्यावर चार-पाच मिनिटं फुल थ्रॉटल, मग आवाज किंचित जाडसर झाला, मी ऐकला आणि तरी थ्रॉटल सोडला नाही, आणि मग ती बंदच पडली. प्लग काढला तर टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी, आणि पिस्टनच्या डोक्यात करंगळी जाईल एवढं भोक. अमेरिकेत ऑक्टेन वेगळ्या पद्धतीने मोजतात, तिकडचं ९१ म्हणजे आपल्या मोजणीत ९५-९६. तिकडचे सगळे व्हिडिओ, सगळे तक्ते बघताना हे डोक्यात ठेवा. आपलं साधं पेट्रोल घालायचं असेल तर कॉम्प्रेशन कंपनीचंच ठेवा, आणि वाढवायचंच असेल तर मोठ्या शहरांत काही पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं, ते आणा.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्सवर काम करतो. आता मित्राबरोबर उभी रेसची स्की घ्यायची म्हणतो. मला यातलं काही कळत नाही, भीती वाटते. अडवू का? (एक आई, मालवण)

ताई, मी असतो तर अडवलं नसतं, पण चार गोष्टी कबूल करून घेतल्या असत्या, आणि त्या तुम्ही त्याला हे पान दाखवून विचारा.

लॅनयार्ड, म्हणजे मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची दोरी, रायडर पडला की इंजिन बंद करते. ती प्रत्येक वेळी, किनाऱ्यावर नुसतं इंजिन तपासतानाही. हेल्मेट आणि पाठीला संरक्षण असलेलं जॅकेट. आणि खाली जाड वेटसूट पॅन्ट, याबद्दल मुलं लाजतात म्हणून मी स्पष्ट लिहितो, उभ्या स्कीवरून माणूस मागे पडतो तो थेट जेटच्या झोतावर, आणि तो झोत शरीराच्या आत शिरून आतड्यांना गंभीर इजा झाल्याच्या घटना झालेल्या आहेत. पोहण्याची चड्डी त्याला अडवत नाही, वेटसूट अडवतो. चौथं, पर्यटक आणि होड्या असतात तिथे रेसची स्की काढायचीच नाही, आणि परवानगीचं काय लागतं ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारायचं, मित्राच्या मित्राला नाही.

आणि पहिली स्की जुनी, कमी ताकदीची, न छेडलेली घेऊ द्या. उभ्या स्कीवर नुसतं उभं राहायला शिकण्यात पहिले काही दिवस जातात, गुडघ्यावरून सुरुवात होते, माणूस दर मिनिटाला पाण्यात असतो. त्याला म्हणावं ते दिवस भरतीच्या वेळी शांत खाडीत काढ, आणि एक जण काठावर कायम हवा. तुमची हरकत नसेल तर पहिल्या दिवशी तुम्हीच काठावर जाऊन बसा.